‘फँड्री’ आणि घरातली भाषा

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा बहुतेक मराठी प्रेक्षकांना त्याच्या नावाचा अर्थ विचारावा लागला. आम्हा सीमावासीयांना मात्र तो अर्धाअधिक ऐकताक्षणीच कळायला हवा. कन्नडात डुकराला ‘हंदी’ म्हणतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जुन्या कन्नडातल्या शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला, ‘पालु’चे ‘हालु’ झाले. तमिळात ‘प’ टिकला. कैकाडी ही तमिळला जवळची द्राविडी बोली. तिच्यातला ‘फँड्री’ म्हणजे आमच्या ‘हंदी’चा सख्खा भाऊ.

या चित्रपटावर जातीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. पण भाषेचे भांडण ज्यांच्या पाचवीला पुजले आहे, त्या आम्ही तो भाषेच्या अंगानेही पाहिला पाहिजे. गाव महाराष्ट्रातले, शाळा मराठी, पोरगा मराठीत शिकणारा. घरची बोली मात्र निराळी. आणि त्या बोलीतला एक शब्द गावाने उचलला, तो शिवी म्हणून! १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आमची माणसे रस्त्यावर आली, ती घरच्या भाषेचा मान राखण्यासाठी. मग आमच्याच मराठी गावातल्या कैकाड्याच्या घरी काय बोलतात, हे आम्ही कधी विचारले काय?

चित्रपट सगळा सारखा उतरलेला नाही. काळ्या चिमणीची राख शालूवर टाकली की ती वश होईल, ही जब्याची समजूत सुरुवातीला गोड वाटते. पण चिमणीमागची धावाधाव लांबते आणि पूर्वार्ध रेंगाळतो. शालूला दिग्दर्शकाने जवळजवळ बोलूच दिलेले नाही. ती जब्याच्या नजरेतूनच दिसायची, हा हेतू समजतो. तरी त्या पोरीच्या मनात काय आहे, याचा एखादा धागा हवा होता. सायकल दुकानवाला चंक्या मंजुळे यांनी स्वतःच रंगवला आहे. त्याच्याभोवती इतके गूढ राखले आहे की तो माणूस कमी आणि खूण जास्त वाटतो. नव्या दिग्दर्शकाला सारे काही पहिल्याच चित्रपटात सांगायचे असते, त्यातला हा प्रकार.

पण शेवटचा डुकरे धरण्याचा भाग! तिथे एकही फ्रेम वाया गेलेली नाही. सारे गाव कठड्यावर बसून तमाशा पाहते, ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि कचरू मानेचे कुटुंब हातातले काम टाकून ताठ उभे राहते. डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर-फुल्यांची चित्रे दिसतात. कोणी भाषण करीत नाही. किशोर कदमांचा कचरू आणि सोमनाथ अवघडेचा जब्या यांना तिथे संवादांची गरजच उरलेली नाही. आणि जब्याने भिरकावलेला तो दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो. पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाला मिळाला, तो आमच्या मते या अर्ध्या तासाचा आहे.

मंजुळे यांची पुढची वाटही आम्हाला ओळखीची वाटते. ‘सैराट’ (२०१६) मध्ये आर्ची-परशा हैदराबादला पळतात आणि भाषा न कळणाऱ्या शहरात सैरभैर होतात. तिथे त्यांना आसरा देते ती दोन्ही भाषा जाणणारी सुमन अक्का. ‘अक्का’ हा शब्दही कन्नड-तेलुगूतला, आणि आमच्या घराघरातला. २०१७ साली ‘सैराट’ कन्नडात ‘मनसु मल्लिगे’ म्हणून निघाला, तेव्हा नायिका म्हणून रिंकू राजगुरूच होती. आमच्याकडे भाषेवरून पाट्या फुटतात, आणि त्या अकलूजच्या पोरीला कर्नाटकाने पडद्यावर घेतले, ते कन्नडात.