अस्सल कशाला म्हणायचे?

दिवाळ्यात राहतो असे सांगितले की ऐकणारा हमखास विचारतो, "कुणाचे निघाले?" हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला आहे की आता आम्हीच तो आधी करून मोकळे होतो. बेलापूरच्या किल्ल्याजवळ, खाडीच्या काठाला असलेले हे कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि गावांच्या वाट्याला उरले ते गावठाण. भिंतीला भिंत लागलेली घरे, दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने तिरके व्हावे अशा गल्ल्या. अशा जागी पन्नाशी उलटलेली मोडकी मोटार टोचन करून आणली, तेव्हा गावाच्या नावावरचा तो विनोद पहिल्यांदाच आमच्या अंगाला लागला.

गाडी आमच्या मामूंची. १९७१ ची फियाट अकराशे. मामू गेले आणि ती नऊ वर्षे उघड्यावर, खाडीच्या वाऱ्यात उभी राहिली. वाटण्या झाल्या तेव्हा ती कुणालाच नको होती, म्हणून आमच्याकडे आली. शेजारच्या तांडेलकाकांनी जाळी ठेवायच्या शेडमधला अर्धा भाग दिला. भाडे विचारले तर म्हणाले, "मासळी द्यायचा नाय तुमी, मंग भाडा कशाचा?" त्याच शेडमध्ये तीन पावसाळे आम्ही, आमचा धाकटा भाऊ आणि दर रविवारी कुर्ल्याहून लोकलने येणारे मिस्त्रीचाचा असे तिघे त्या गाडीला लागलो होतो.

ही हौस सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. हौशीच्या कहाण्या रंगीत छायाचित्रांसह पुष्कळ छापून येतात. गाडी रस्त्यावर आल्यानंतर एका हौशी मंडळातले जाणकार गृहस्थ ती पाहायला आले. सज्जन माणूस. बोनेट उघडून पाहिले, डॅशबोर्डवर हात फिरवला, मग गुडघ्यावर बसून विजेरी घेऊन खाली पाहिले. तळाच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "काम छान आहे. पण अस्सल राहिली नाही." आमचे भांडण या एका वाक्याशी आहे.

आधी तळाची हकीकत सांगू. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. आम्ही पायाखालची चटई उचलली तर शेडची जमीन दिसली. जिथे पत्रा दिसत होता तिथे चाचांनी पेचकस टेकवला, तो आरपार गेला. दारांखालच्या दोन्ही पेट्या आतून भुगा झालेल्या. वरून मात्र गाडी शाबूत, रंगसुद्धा बरा. खारी हवा लोखंडाला अशीच खाते, आतून आणि खालून. तळ बदलल्याशिवाय गाडी उभी राहणार नव्हती. आणि नवा तळ मिळणार कुठे? तयार करणारा कारखानाच राहिलेला नाही.

हा कारखाना आपल्या वाचकांतल्या अनेकांच्या घराजवळ होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला. आधी तिथे अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडल्या जात. पुढे पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला, आणि १९६४ पासून अकराशे डिलाइट निघू लागली. १९७२ च्या सुमारास तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नाव दोनदा बदलले, जाळी बदलली, दिवे बदलले. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून आपण जिच्यात बसलो, ती हीच. म्हणून आमच्या गाडीचा तळ आला तो मोडीत निघालेल्या एका टॅक्सीतून. चाचांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे चार टॅक्सींचे तळ हातोडीने वाजवून पाहिले आणि चौथीचा घेतला.

पुढचे काम नीट सांगायला हवे, कारण याच कामाला लोक "जुगाड" म्हणतात. जुना तळ कापायच्या आधी चाचांनी दारांच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या मारून घेतल्या. तसे केले नाही तर तळ कापताच गाडी मधून लचकते आणि मग दारे जन्मात बसत नाहीत. दोरी लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरक्या मापांची नोंद केली. टॅक्सीच्या तळाचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकेक ड्रिलने उघडले, पत्रा फाडला नाही. बसवताना पुन्हा दोरी. अडीच सुताचा फरक आला तर अर्धा दिवसाचे टाके सोडवून पुन्हा मारले. लांबी भरून कुठेही लपवाछपवी केली नाही. इंजिनाचे हेड उतरवून लेथवाल्याकडून व्हॉल्वच्या कडक सीट बसवून घेतल्या, कारण हे इंजिन शिसे घातलेल्या पेट्रोलवर वाढलेले, आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झाले. भावाच्या हट्टाने डायनामो काढून मारुतीचा अल्टरनेटर लावला, म्हणजे रात्री दिवे तरी धड लागतात. पुढे पट्टेही लावले. मूळ गाडीला ते नव्हते. शेवटी तांडेलकाकांनी होडीच्या बुडाला लावतात तसा डांबराचा हात खालून मारायला लावला. चाचांना ते पसंत नव्हते. डांबराला चीर गेली की पाणी आत कोंडते असे त्यांचे म्हणणे. तो वाद अजून मिटलेला नाही.

आता अस्सलपणाकडे वळू. केंद्र सरकारने २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, खासगी वापराची गाडी व्हिंटेज ठरते. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क वीस हजार रुपये. पाटीवर "व्हीए" ही अक्षरे येतात. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणायची. इथपर्यंत आमची तक्रार नाही. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी.

म्हणजे काय? ज्या गाडीचा सांगाडा हाच कणा आहे, तिचा कुजलेला तळ तिच्याच जातीच्या गाडीच्या तळाने बदलला, तर तो बदल की दुरुस्ती? नियम करणारांनी या प्रश्नाचा विचार केला असेल तर तो आम्हाला त्यात दिसत नाही. कोरड्या हवेत, बंद गॅरेजात, नोकराकडून आठवड्याला पुसली जाणारी गाडी पन्नास वर्षे "मूळ स्वरूपात" राहू शकते. खाडीकाठी, गावठाणात, पावसात उभी असलेली राहू शकत नाही. तेव्हा अस्सलपणाची ही कसोटी गाडीची नाही. ती छपराची कसोटी आहे. ज्याच्याकडे छप्पर होते त्याची गाडी अस्सल, ज्याच्याकडे नव्हते त्याची नक्कल.

शिवाय ही सवलत केवळ खासगी गाड्यांना. ज्या टॅक्सीने लाखो माणसे सीएसटीवरून घरी पोचवली, जी आमच्या आईला बाळंतपणासाठी घेऊन गेली, ती व्यावसायिक. ती कितीही जपली तरी व्हिंटेज नाही. तिच्या वाट्याला वयोमर्यादा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवला २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षे भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. वर्तमानपत्रांनी हळहळीचे रकाने भरले. त्या रकान्यांत टॅक्सीवाले होते, प्रवासी होते. तिला वीस वीस वर्षे चालती ठेवणारे हात क्वचितच होते.

आणि मुळात कोणते "मूळ"? इटलीत आखलेली, सुट्या भागांनी इथे आलेली, मग एकेक भाग देशी होत गेलेली ही गाडी. १९७१ च्या आमच्या गाडीतच किती भाग इथले होते! दुसऱ्या देशाची वस्तू इथल्या हातांनी आपली करून घेतली, तिला नवे नाव दिले, आणि नंतर तेच अस्सल ठरले. "अस्सल" हा शब्द तरी कुठला? अरबी "अस्ल" मराठीत आला, स ला स जोडून घट्ट झाला आणि इथलाच होऊन बसला. शेडमध्ये आम्ही दिवसभर जे शब्द वापरत होतो त्यात दुरुस्ती फारसी, मरम्मत अरबी, मिस्त्री आणि चावी पोर्तुगीज. हे शब्द काढून टाका आणि मराठीत एक मोटार दुरुस्त करून दाखवा.

आता त्या हातांबद्दल. जुन्या भागांच्या बाजाराला लोकांनी नाव दिले चोरबाजार. मूळ नाव शोरबाजार होते असे सांगतात. ते खरे असो वा नसो, नाव चिकटले. तिथल्या दुकानात सोलेक्सचा कार्ब्युरेटर शोधायला गेलो की ओळखीचे लोक डोळा मारून विचारतात, "चोरीचा का?" तोच कार्ब्युरेटर विलायतेहून पार्सलने आला की तो "रेअर". चोरीचा माल या बाजारांत येतच नाही असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या कापल्या जात, आणि २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी ती दुकाने बंद केली तेव्हा ती कारवाई निराधार नव्हती. पण उपाय काय? नोंदवही, पावती, कुठल्या क्रमांकाच्या गाडीतून भाग आला त्याची चिठ्ठी. आम्ही तळाची पावती मागितली तेव्हा भंगारवाला आधी चिडला, मग त्याने टॅक्सीचा क्रमांक घालून लिहून दिली. बाजारातल्या आपल्या मंडळींनी ही सवय स्वतःहून लावून घेतली असती तर बदनामीचे निम्मे ओझे उतरले असते. ते आपण केले नाही, हे कबूल करायला हवे.

कबूल करण्यासारखे आणखी आहे. चाचा दहा वर्षांचे असताना गॅरेजात लागले. शाळा तिथेच संपली. त्यांच्या हातातल्या विद्येचे आम्ही इथे गुणगान करतो, पण ती विद्या ज्या किमतीला आली ती किंमत एका मुलाने भरली होती. आजही कुणी "छोटू" पाने उचलून देताना दिसतो. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्याला २०१६ च्या कायद्याने बंदी आहे, तरी दिसतो. "आमची पोरे हुन्नरी" असे सांगत आपण त्यावर पांघरूण घालतो. दुसऱ्या टोकाला आपली शिकलेली मंडळी. मुलगा गॅरेजात काम करतो म्हटले की स्थळ परत जाते. चाचांच्या स्वतःच्या मुलाने वडील काय करतात ते मित्रांना सांगितलेले नाही. बाहेरचे त्याला जुगाड म्हणतात आणि घरचे लाज म्हणतात, मग ते काम टिकणार कसे?

काही वाचक म्हणतील, जुनी गाडी धूर ओकते, ती मोडीत गेलेलीच बरी. अर्धे खरे. १ एप्रिल २०२० पासून बीएस सहा आले. आमची फियाट त्याच्या जवळपासही जात नाही. ती रोज चालवावी असे आमचे म्हणणे नाही, आणि आम्ही चालवतही नाही. वाट्टेल तसे बदल करून गाडी चालवण्यालाही आमचा पाठिंबा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गाडी कंपनीच्या मूळ नोंदीप्रमाणेच असावी असे म्हटले, आणि त्याच वर्षी सुधारलेल्या कायद्याने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. रात्री दोन वाजता सायलेन्सर फोडत पामबीच रस्त्यावरून जाणारांना तो दंड जरूर व्हावा. पण तो फाटका सायलेन्सर आणि आमचे पट्टे, अल्टरनेटर, तळाचा पत्रा एकाच तराजूत घालायचे काय?

आमची मागणी मोठी नाही. त्याच जातीच्या जुन्या गाडीतून, पावतीसह, माप राखून घातलेल्या पत्र्याला दुरुस्ती म्हणा. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीलाही पन्नास वर्षांनंतर तोच मान द्या. आणि शिकून आलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे, तिच्यात जुन्या डेंटर-वेल्डरांना बसवा; परीक्षा हातांची घ्या, इंग्रजी अर्जाची नको.

ते गृहस्थ पुन्हा आले होते. या खेपेला त्यांच्या स्वतःच्या गाडीचा तळ दाखवायला त्यांना चाचा हवे होते. चाचांनी पेचकस घेतला, खाली वाकले आणि काही न बोलता चटई परत घातली. पुढच्या रविवारी ते तिकडे जाणार आहेत.

चाचांना आता सत्तरी लागली. कोणत्या सालचा कोणता भाग कोणत्या गाडीला चालतो, कुठे सुताचा फरक पडतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात आहे आणि कागदावर काहीच नाही. आम्ही एक दोनशे पानी वही घातली आहे. ते सांगतात दखनीत, आम्ही लिहितो मराठीत. आतापर्यंत सदतीस पाने झाली. ब्रेक अजून लागलेला नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी, मोहल्ल्यात असे मिस्त्री असतील आणि कुणी अशी वही लिहीत असेल, तर आम्हाला कळवावे. किंगपिनच्या पानावर आम्ही अडलो आहोत.