म्हणे खरा चेहरा!

परवा माझ्या पुतणीच्या मुलीने अमेरिकेहून स्वतःचा एक फोटो पाठवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या 'वेट प्लेट' पद्धतीने पत्र्यावर काढलेला. मुळात सावळी, तरतरीत, हसरी पोर. फोटोत मात्र कोळशासारखी काळी आणि सुतकी. फोटोग्राफर तिला म्हणाला म्हणे, "ही पद्धत खोटं बोलत नाही. हा तुझा खरा चेहरा." पोर दोन दिवस आरशात बघत बसली!

मला राग आला तो या वाक्याचा.

कला मोठी आहे, त्यात वाद नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती १८५१ साली जाहीर केली, पेटंटही घेतले नाही, आणि १८५७ मध्ये बिचारा हलाखीत वारला. पत्र्यावर किंवा काचेवर कोलोडियनचा चिकट थर ओतायचा, तो सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा आणि ओला आहे तोवर, दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून हिराकशीच्या द्रावणाने चित्र उमटवायचे. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. इतके कष्ट आज कोणी हौसेने घेत असेल तर त्याला माझा नमस्कारच.

पण कष्ट खरे म्हणून चित्र खरे, हे कुठले तर्कशास्त्र?

या प्लेटला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश तेवढा कळतो. तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नाही. म्हणून निळे डोळे पांढुरके होतात आणि सावळी कातडी आहे त्याहून कितीतरी काळी येते. गांभीर्य म्हणाल तर तेही आत्म्याचे नव्हे. काही सेकंद हलायचे नाही आणि मानेमागे लोखंडी टेकू, मग हसू टिकणार कसे? शिवाय पत्र्यावरचे चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. आमच्या पोरीचा पदर चक्क उजव्या खांद्यावर! ज्याला पदराचा खांदा कळत नाही, त्याला माणूस कळला म्हणायचे?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. हीच पद्धत चालत होती त्या काळात, १८६८ ते १८७५ दरम्यान, लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. आपल्या लोकांचे फोटो आणि सोबत अख्ख्या जातीजमातींच्या स्वभावाचे शेरे. कॅमेऱ्याने पाहिले म्हणजे खरेच, या समजुतीवर असे शेरे खपतात.

आता माझे सांगते. १९७२ साली स्थळांना पाठवायला माझा फोटो काढला. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून मला गोरी केली. पाहुणे आले, त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिले आणि पोह्यांच्या बशीकडे पाहू लागले. तो फोटोही खोटाच. पण स्टुडिओवाला निदान हळूच म्हणाला होता, "ताई, थोडं उजळ केलंय हं." त्याने खोट्याला खरे म्हटले नाही.

माझे म्हणणे एवढेच. जुनी कला जरूर करा, पण समोरच्याला सांगा, की बाई गं, ही प्लेट निम्मे रंग पाहू शकत नाही. एवढे सांगायला कितीसा वेळ लागतो?

पोरीला मी लिहिले: फोटो जपून ठेव, छान आहे. मात्र आंधळ्या पत्र्याला आपला रंग विचारायचा नसतो.