पेडल नसलेली सायकल

दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची, या घाईत तीन वर्षांच्या नातवाच्या हाती मोबाइल मीच देत होते. सुनेला उगाच बोलायचे. अकोल्याहून लेकीने पेडल नसलेली छोटी सायकल आणली. पायाने जमीन रेटत जायचं, तोल हळूहळू जमतो. पांगुळगाड्याची पुढची पायरीच म्हणा ना! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, या वयाला स्क्रीन तासाभराहून जास्त नको आणि हालचाल दिवसातून तीन तास हवी. १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असलेल्या आमच्या अमरावतीत हे बाहेरून कळावं, याची मला लाज वाटते. आता अंगणात फिरून आला की पोळी स्वतः मागतो. हेल्मेट मात्र घालाच. आणि वऱ्हाडातला उन्हाळा, तेव्हा सायकल सकाळी आठच्या आत.