चेहरा नवा, पण मोजपट्टी कोणती?

आपल्या देशात एखाद्या इलेक्ट्रिक मोटारीची सुधारित आवृत्ती बाजारात आली की बातमीचा साचा ठरलेला असतो. पुढचे दिवे कसे दिसतात, आतला पडदा किती इंचांचा आहे, स्टिअरिंगवरचे बोधचिन्ह उजळते की नाही, छताला काच आहे की नाही, यांवर परिच्छेदामागून परिच्छेद खर्ची पडतात. शेवटी ‘एका चार्जिंगमध्ये अमुक किलोमीटर’ असा एक आकडा येतो आणि विज्ञानाचा विषय तिथेच आटोपतो. विज्ञानाच्या वाचकांनी हा साचा नाकारला पाहिजे. सुधारित गाडीतील बदल ऊर्जेच्या आणि सुरक्षिततेच्या मापाने तोलायचे असतात. ते माप वापरले, तर ठळक छापलेले अनेक बदल हलके ठरतात आणि कोपऱ्यात ढकललेले काही बदल जड भरतात.

उदाहरण म्हणून टाटा नेक्सॉन ईव्ही घेऊ. भारतीय रस्त्यांवर ही गाडी सर्वत्र दिसते, तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि तिचे आकडे सार्वजनिक आहेत. त्यांतील ४०.५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीची गाडी तर या विषयाचा उत्तम धडा आहे. कारण बॅटरीची क्षमता तीच राहिली आणि जाहीर होणारा पल्ला मात्र बदलत गेला.

ही मोठ्या बॅटरीची गाडी मे २०२२ मध्ये ‘मॅक्स’ या नावाने आली, तेव्हा तिचा प्रमाणित पल्ला ४३७ किलोमीटर होता. जानेवारी २०२३ मध्ये तो ४५३ झाला. गाडीच्या पत्र्याला कोणी हात लावला नव्हता. बदल झाला तो ऊर्जा हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तो जुन्या गाड्यांनाही देता आला. सप्टेंबर २०२३ मध्ये गाडीचा चेहरामोहरा पालटला. पुढे आडवी प्रकाशपट्टी आली, आत १२.३ इंची पडदा आला, दोन आऱ्यांचे स्टिअरिंग आले आणि पल्ला ४६५ झाला. पुढे २०२४ मध्ये पल्ला जाहीर करण्याची पद्धत बदलली आणि त्याच बॅटरीच्या गाडीपुढे ३९० हा आकडा लागला.

हा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावा. न दिसणाऱ्या सॉफ्टवेअरने १६ किलोमीटर दिले. गाजावाजा झालेल्या नव्या आवृत्तीने १२ दिले, म्हणजे सुमारे अडीच टक्के. आणि मोजपट्टी बदलताच ७५ किलोमीटर गेले. नव्या रूपाने जेवढे कमावले, त्याच्या सहापट केवळ मोजण्याच्या रीतीवर अवलंबून होते. असे असताना आपण दिव्यांच्या आकारावर वाद घालतो आणि मोजपट्टीविषयी अवाक्षर काढत नाही.

ही मोजपट्टी म्हणजे सुधारित भारतीय चालनचक्र. प्रयोगशाळेतील रुळांवर गाडी ठरलेल्या वेगांनी चालवतात आणि खर्च झालेली ऊर्जा मोजतात. या चक्राचा पहिला भाग शहरी आहे. त्यात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. दुसरा भाग शहराबाहेरचा. त्यात वेग ९० पर्यंत जातो. पूर्वी जाहिरातीत येणारा आकडा पहिल्या भागाचा असे, आता दोन्ही भाग मिळून येतो. फरक एवढा मोठा का, याचे उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ४५ वरून ९० झाला की अवरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. पन्नासच्या आत मोजलेला पल्ला महामार्गावर निघालेल्या कुटुंबाला सांगणे म्हणजे विहिरीतल्या पाण्यावरून समुद्राची भरती सांगणे होय.

आता ऊर्जेचा भाव काढू. ४०.५ किलोवॅट-तासांना ४६५ ने भागले की किलोमीटरला सुमारे ८७ वॅट-तास येतात. ३९० ने भागले की १०४ येतात. कंपनी आता स्वतःच बहुसंख्य ग्राहकांना प्रत्यक्ष मिळणारा पल्ला वेगळा सांगते आणि या बॅटरीसाठी तो २९० ते ३१० किलोमीटर आहे. म्हणजे किलोमीटरला सुमारे १३५ वॅट-तास. एकाच गाडीचे हे तीन भाव. तिसरा आकडा उघडपणे सांगितल्याबद्दल कंपनीला श्रेय दिलेच पाहिजे. पण सर्वांत मोठ्या अक्षरांत कोणता आकडा छापायचा, हे इतकी वर्षे विक्री विभागाने ठरवले आणि आपण ते मुकाट्याने ऐकले, हेही तितकेच खरे.

पल्ल्याचा आणखी एक शत्रू आपल्या हवामानात दडलेला आहे. प्रमाणित चाचणीत वातानुकूलन बंद असते. नागपूरच्या किंवा जयपूरच्या मे महिन्यात ते बंद ठेवून कोण गाडी चालवतो? समजा, वातानुकूलन यंत्र सरासरी दीड किलोवॅट घेते आणि गर्दीत गाडी ताशी २० किलोमीटरने सरकते आहे. तर प्रत्येक किलोमीटरमागे केवळ थंडाव्यासाठी ७५ वॅट-तास जातात. चाके फिरवायला लागणाऱ्या प्रमाणित ऊर्जेच्या जवळपास तेवढेच. या पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये आलेल्या ४५ किलोवॅट-तासांच्या आवृत्तीतील विस्तीर्ण काचेच्या छताकडे पाहावे. भर दुपारी सूर्य दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ओतत असतो. काच रंगीत असली, खाली पडदा असला, तरी पत्र्याखालच्या जाड अस्तराची सर तिला येत नाही. शिवाय काचेचे वजन गाडीच्या माथ्यावर, म्हणजे जिथे ते सर्वांत नकोसे असते तिथे, चढते. उष्ण देशात, मर्यादित ऊर्जेवर चालणाऱ्या वाहनाला काचेचे छप्पर घालायचे आणि त्याला प्रगती म्हणायचे, हा तर्क मला मान्य नाही.

याच्या उलट, खरे विज्ञान कुठे होते ते पाहा. २०२३ च्या आवृत्तीत नवी मोटर आली. ती आधीच्या मोटरपेक्षा सुमारे २० किलोग्रॅमने हलकी आहे आणि मिनिटाला १६,००० फेऱ्यांपर्यंत जाते. आधीची १२,००० पर्यंत जाई. तिचा टॉर्क मात्र २५० न्यूटन-मीटरवरून २१५ वर उतरला. ‘ताकद घटवली’ अशी तक्रार तेव्हा ऐकू आली. पण शक्ती म्हणजे टॉर्क आणि कोनीय वेग यांचा गुणाकार. फेऱ्या वाढल्या की कमी टॉर्कमध्येही तेवढीच शक्ती मिळते आणि मोटर लहान, हलकी करता येते. शून्यापासून ताशी १०० चा वेग गाठायला कंपनीच्या आकड्यानुसार ८.९ सेकंद लागतात. आधी सुमारे ९ लागत. म्हणजे कमी तांबे, कमी लोखंड आणि तेवढेच काम. अभियांत्रिकीत यालाच सुधारणा म्हणतात, आणि ती बाहेरून दिसत नाही.

दुसरा मोलाचा बदल म्हणजे बॅटरीतून बाहेर वीज देण्याची सोय. ही गाडी ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेरच्या उपकरणांना देऊ शकते. वादळाने वीज गेलेल्या ओडिशातल्या किंवा कोकणातल्या गावात दिवे, पंखे, फ्रिज आणि लशींची शीतपेटी चालवायला एवढी शक्ती पुरेशी आहे. तिसरा बदल म्हणजे स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी ऊर्जापुनर्प्राप्ती कमी-जास्त करणे. दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असते, तेव्हा तिच्यात सुमारे ५८ वॅट-तास गतिज ऊर्जा असते. जवळपास अर्ध्या किलोमीटरच्या प्रवासाची. ती ब्रेकमध्ये उष्णता म्हणून उडवायची की काही अंशी बॅटरीत परत घ्यायची, हे चालकाच्या बोटाशी आणणे हा शहाणपणाचा निर्णय होता. चौथा बदल, कमी वेगात पादचाऱ्याला सावध करणारा आवाज. बिनआवाजाची गाडी अंध व्यक्तीसाठी किती धोक्याची असते, हे वेगळे सांगायला नको. पुढच्या प्रकाशपट्टीवरही अन्याय नको; चार्जिंग कुठवर आले हे ती दाखवते, तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. याच आवृत्तीत वातानुकूलनाची बटणे जाऊन स्पर्शाने चालणारी चकचकीत काळी पट्टी आली. तापमान आणि पंखा यांसाठी दोन खटके राखले आहेत, हे मान्य. बाकीचे काम गुळगुळीत काचेवर. बटण बोटाला सापडते, काच डोळ्यांनी शोधावी लागते. ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की गाडी आंधळेपणाने ३३ मीटर पुढे सरकलेली असते. स्वीडनमधील ‘वी बिलएगारे’ या वाहनविषयक नियतकालिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटरच्या वेगात काही साधी कामे करायला बटणांच्या २००५ सालच्या जुन्या गाडीत १० सेकंद लागले. स्पर्शपडद्याच्या सर्वांत वाईट गाडीत ४४.९ सेकंद. अंतरात सांगायचे, तर ३०६ मीटर आणि १,३७२ मीटर.

युरोपच्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी हाताला लागणारी नियंत्रणे नसतील तर गुण कापण्याचे ठरवले. आपल्या ‘भारत एनकॅप’मध्ये नेक्सॉन ईव्हीला जून २०२४ मध्ये पाच तारे मिळाले आणि ते अभिमानास्पदच आहेत. पण ते तारे मुख्यतः धडकेनंतर प्रवासी किती वाचतो हे सांगतात; धडक होण्याआधी चालकाची नजर कुठे होती, हे नव्हे. युरोपच्या यादीत वातानुकूलन नाही, कारण ती यादी युरोपची आहे. केरळात, कोकणात, आसामात पावसाळ्यात समोरची काच काही क्षणांत धुरकटते आणि ती साफ करणारे बटण हे तेव्हा सुरक्षिततेचे साधन असते. आपली यादी आपल्या पावसाने ठरवली पाहिजे.

यावर उत्तर येईल की, रूप देखणे असल्याशिवाय गाडी विकली जात नाही आणि विकली गेली नाही तर पेट्रोलचा धूर कमी होणार नाही. यात तथ्य आहे. सौंदर्याशी माझे वैर नाही. प्रश्न एवढाच की, सौंदर्याला तंत्रज्ञानाचे नाव का द्यावे? दुसरे उत्तर असे येईल की, आता भारतीय भाषांत आवाजी आज्ञा देता येतात, मग बटणे कशाला? चार माणसे बोलत असलेल्या, काचेवर पाऊस बडवत असलेल्या गाडीत यंत्राची मनधरणी करण्यापेक्षा एक खटका दाबणे सोपे असते. यंत्राने ऐकावे ही सोय झाली. ऐकले नाही तरी काम व्हावे, याला सुरक्षितता म्हणतात.

हा केवळ गाडी घेणाऱ्यांचा प्रश्न नाही. इलेक्ट्रिक गाड्यांवर वस्तू व सेवा कर फक्त ५ टक्के आहे. ही सवलत सर्वांच्या वतीने दिली जाते. जो कधीच गाडी घेणार नाही, त्याच्याही. देशातील निम्म्याहून बरीच अधिक वीज अजून कोळशापासून येते. त्यामुळे गाडीने वाया घालवलेला प्रत्येक वॅट-तास कुठल्या तरी चिमणीतून बाहेर पडतो. सवलतीच्या बदल्यात स्पष्ट आकडे मागण्याचा जनतेला अधिकार आहे. घरातल्या फ्रिजवर तारे असतात आणि वर्षाला किती युनिट लागतील हेही छापलेले असते. मग पंधरा-वीस लाखांच्या गाडीवर ते ठळकपणे का नसावे?

म्हणून प्रत्येक सुधारित आवृत्तीबरोबर चार गोष्टी जाहीर व्हाव्यात. ताशी ९० च्या स्थिर वेगात किलोमीटरला किती वॅट-तास लागतात. ४० अंश तापमानात, वातानुकूलन चालू ठेवून, शहरी वेगात किती लागतात. आधीच्या आवृत्तीपेक्षा वजन आणि हवेचा अवरोध किती बदलला. आणि काच साफ करणे, वायपर लावणे, तापमान बदलणे या कामांसाठी चालकाची नजर किती सेकंद रस्त्यावरून हटते. यांतील एकही मोजणी अवघड नाही. ती छापायची इच्छा हवी.

तोवर एक काम विद्यार्थ्यांच्या हाती आहे. पुढची नवी गाडी आली की बॅटरीची क्षमता घ्या, जाहीर पल्ल्याने भागा आणि तो पल्ला कोणत्या चाचणीतला आहे ते विचारा. मग हाच भागाकार जुन्या आवृत्तीसाठी करा. दोन उत्तरांत फरक नसेल, तर बातमीत जे नवे म्हणून सांगितले आहे त्याचा ऊर्जेशी संबंध नाही, एवढे तुम्हाला अर्ध्या मिनिटात कळेल.