न्याहारीसह मुक्काम

स्वित्झर्लंडहून परतलेला मराठी माणूस डोंगर सांगत नाही, हॉटेल सांगतो. हा माझा बँकेच्या काउंटरवर बसून केलेला अभ्यास आहे. पासबुक पुढे सरकवता सरकवता सुरू होतं : "अहो, चादर काय पांढरी! पाणी तर थेट नळाचं प्यायचं!" मग आवाज खाली आणून, "आणि न्याहारी फुकट!" फुकट कसली? भाड्यात धरलेली! बी. कॉम. झालेल्या माणसासमोर तरी असं बोलू नये.

माझं म्हणणं सरळ आहे. ह्या आठवणी बंद करा. चादर, नळ आणि न्याहारी ही आठवण नव्हे, पावती आहे. पावती फायलीला लावायची असते, चारचौघांत वाचून दाखवायची नसते.

"जळतोय लेकाचा," असं तुम्ही म्हणाल. नाही हो! प्रॉव्हिडंट फंडातून उचल काढून मीही सपत्नीक तीन रात्री लुसर्नला राहून आलोय. १९९३ साली आगीत बराचसा जळालेला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा उभा केलेला तिथला लाकडी पूल पाहिला. पण घरोघर जाऊन सांगितलं काय? तर नाश्त्याच्या टेबलावरून चार पाव आणि दोन उकडलेली अंडी कागदी रुमालात गुंडाळून हिच्या पर्समध्ये कशी सरकवली, ते!

त्याच लुसर्नमध्ये तळ्याकाठी श्वाइत्झरहोफ नावाचं १८४५ सालचं बडं हॉटेल आहे. १८५७च्या जुलैत अठ्ठावीस वर्षांचा टॉलस्टॉय तिथे उतरला होता. त्यानेही हॉटेलावरच लिहिलं, आणि कथेला नाव दिलं 'लुसर्न'. पण त्यात चादर नाही. एक गरीब गवई हॉटेलासमोर गिटारवर गातो. गॅलरीतले श्रीमंत पाहुणे मन लावून ऐकतात. तो टोपी पुढे करतो, तेव्हा एकाच्याही खिशातून दमडी निघत नाही. वर काहीजण हसतात. चिडलेला निवेदक त्या गवयाला हॉटेलात नेऊन शॅम्पेन पाजतो, तर वेटरसुद्धा नाकं मुरडतात. हॉटेल कसं आहे ते आत कोण झोपलंय यावरून कळत नाही, बाहेर कोण उभं आहे यावरून कळतं.

हे मला पुसेगावात फुकट शिकवलं होतं. आमच्या लहानपणी गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा झाला तो १९९९ साली. शेवटची एस. टी. चुकलेला कुणीही आमच्या ढाळजेत मुक्कामाला असायचा. आम्ही पोरं नाव-गाव विचारायला लागलो की आई ओरडायची, "आधी भाकर खाऊ द्या त्याला, मग इचारा!" अंथरायला वाकळ. पांढरी तर मुळीच नव्हे. पहाटे वासुदेव आला की त्याच्या झोळीत सूपभर जोंधळे पडायचे. न्याहारी खरोखरच कशातही धरलेली नसायची.

आता मी शहरात, सोसायटीत राहतो. फाटकावर पाटी आहे : 'फेरीवाले व मागणारे यांस सक्त मनाई'. खाली सेक्रेटरीची सही आहे. सेक्रेटरी मीच. गेल्या महिन्यात वासुदेव आला, वॉचमनने त्याला अडवलं. तो फाटकाबाहेरूनच गायला. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभा राहून कठड्यावर ताल धरला. गाणं संपल्यावर त्याने वर पाहिलं. आणि मी आत जाऊन पोहे खाल्ले. श्वाइत्झरहोफमध्ये उतरणं मला परवडलं नव्हतं. ते असं घरबसल्या जमलं.

रविवारी सभा आहे. पाटी काढण्याचा ठराव मीच मांडणार आहे. फक्त अनुमोदक मिळत नाहीये. काल तीन घरांत विचारायला गेलो. तिघांनीही आग्रहाने बसवून घेतलं, चहा दिला आणि स्वित्झर्लंडच्या हॉटेलाचे फोटो दाखवले.