मात्रेचा हिशेब

दारू या शब्दाने मराठी माणसाची भारी पंचाईत करून ठेवली आहे. बाटलीतली तीही दारू आणि भुईनळ्यातली तीही दारूच. त्यामुळे ‘माझा भाचा अमेरिकेत रात्ररात्र तळघरात दारू मोजत बसतो’ असे मी कॉलेजात सांगितले, तेव्हा दोघा सहकाऱ्यांनी हळहळून माझे सांत्वन केले. ही दारू रायफलीची. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मोंटानात त्याच्याकडे राहून हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिला. दिवाळीच्या दिवसांत दारूवर चार शब्द लिहायला वाचकांची हरकत नसावी.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा शौक संपला, आणि माझ्या मते ते उत्तम झाले. मोंटानात मात्र परवाना काढून, ठरल्या हंगामात एल्क मारतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. त्याच्या मांसावर कित्येक घरे हिवाळा काढतात.

भाच्याची रायफल ‘.३५ व्हेलन’, ना हलकी, ना हत्तीची, मधल्या नळीची. अमेरिकन लष्कराच्या ३०-०६ काडतुसाचे तोंड रुंदावून १९२२ साली हे काडतूस निघाले. नाव कर्नल टाउनसेंड व्हेलन यांचे, हात जेम्स हाउ या कारागिराचा. रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या कारखान्यात घेतले थेट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. मधली साठावर वर्षे हौशी लोकांनी घरोघर भरून ते जिवंत ठेवले. जात्यावरच्या ओव्या टिकल्या त्यातलाच हा प्रकार!

झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी फुगते. ती साच्यात दाबून पूर्ववत करायची, वाढलेली लांबी कातरायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडाशी गोळी ठरल्या खोलीवर बसवायची. तराजूवर ग्रेन असतात. सात हजार ग्रेनांचा एक पौंड; म्हणजे एक ग्रेन आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. छापील कोष्टकातल्या खालच्या आकड्यापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने वर चढायचे आणि वरचा आकडा ओलांडायचा नाही. मात्रा हा शब्द मला वैद्याकडे भेटला होता, वृत्तांत तर रोजच भेटतो. येथे तो तिसऱ्यांदा भेटला.

शंभर यार्डांवर कागद लावून भाचा प्रत्येक मात्रेचे तीन-तीन बार काढी. सर्वांत वरच्या मात्रेने तीन गोळ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत घातल्या. वेगही तिचाच जास्त.

“मामा, हीच!” तो म्हणाला.

“अरे, तीन बारांवर? मी तर एका चाचणीवर पोराला पास करीत नाही.”

तो हसला, पण त्याच मात्रेचे दहा बार त्याने काढले. पसारा दुपटीहून अधिक झाला. यात जादू काही नाही. तीन गोळ्या जवळ पडणे हा पुष्कळदा नुसता योग असतो. दहा गोळ्या रायफलीचा खरा स्वभाव सांगतात. शिवाय बोल्ट उचलताना जड जात होता आणि टोपीची कड चपटी दिसत होती. दाब वाढल्याच्या या खुणा. ऊन तापले की दाब आणखी चढतो. हिंदुस्थान आणि आफ्रिकेतल्या उन्हासाठी ब्रिटिश कारखाने काही काडतुसांत कॉर्डाइटची मात्रा मुद्दाम कमी ठेवीत, ते याचसाठी.

त्या रात्री त्याने त्या मात्रेची उरलेली काडतुसे हातोडीसारख्या एका साधनाने ठोकून ठोकून मोकळी केली. गोळ्या निराळ्या, दारू निराळी. मग दीड ग्रेन खाली उतरला. येथे दहा गोळ्या दीड इंचात बसल्या, म्हणजे दोनशे यार्डांवर तीन इंच. एल्कच्या काळीज-फुप्फुसांची जागा निदान वीतभर असते. तेव्हा काडतूस पुरेसे झाले. उरला तो माणसाचा श्वास. पाव इंचासाठी आणखी महिना घालवणारे असतात म्हणे. भाच्याने उरलेला महिना गुडघ्यावर बसून, टेकडी चढून धापा टाकत नेम धरण्यात घालवला. चुकीच्या जागी लागलेली गोळी घेऊन जनावर दोन-दोन दिवस रानात फिरते, हे त्याने तेथल्या म्हाताऱ्यांकडून ऐकले होते. दोनशे यार्डांपलीकडे बार काढायचा नाही, असे त्याने तेव्हाच ठरवले.

नोव्हेंबरअखेर त्याचे पत्र आले. हंगामात दोनदा एल्क दिसला. एकदा साडेतीनशे यार्डांवर, एकदा झाडांआड. दोन्ही वेळा रायफल खाली केली. काडतुसांची पेटी भरलेली आहे, शीतपेटी रिकामी आहे, आणि भाचेसून म्हणते की एवढ्या खर्चात वर्षभराची कोंबडी आली असती.