जालन्याच्या गॅरेजलाही गिअरबॉक्स कळू द्या

प्रति,
केंद्रीय ग्राहक व्यवहार विभाग,
कृषी भवन, नवी दिल्ली



२४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपण ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलंत. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतलीत. विकत घेतलेली वस्तू आपल्या भरवशाच्या माणसाकडून दुरुस्त करून घेता यावी, हा विचार मला मनापासून पटतो. पण ऑटोमॅटिक गाड्यांच्या बाबतीत हा हक्क आमच्या जालना जिल्ह्यातल्या गॅरेजपर्यंत अजून पोचलेला नाही. म्हणून हे पत्र.

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरबॉक्स घेऊन आली आणि क्लच न दाबता चालणारी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज तशा गाड्या भोकरदन, मंठा, घनसावंगीच्या रस्त्यांवरही दिसतात. त्यातल्या अनेक वॉरंटी संपून दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या आहेत. त्या बिघडल्या की मालक कंपनीच्या शोरूमला नव्हे, ओळखीच्या मिस्त्रीकडे जातो.

आमचे मिस्त्री अडाणी नाहीत, हे आधी सांगतो. जालना हे रोलिंग मिलचं गाव आहे. बेअरिंगचा आवाज बदलला की काहीतरी बिघडलंय, हे इथल्या फिटरला शिकवावं लागत नाही. ऑटोमॅटिक गाडीच्या आवाजातही अर्थ असतो, आणि चांगला मिस्त्री तो नीट लावतो. गाडी जागेवर उभी, ब्रेक दाबलेला, लिव्हर ‘डी’मध्ये, आणि बारीक किणकिण ऐकू येते, ‘एन’मध्ये टाकताच ती थांबते. मग संशय टॉर्क कन्व्हर्टरवर, म्हणजे इंजिनची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागावर, जातो. ‘एन’मध्येही आवाज राहतो आणि रेस दिली की वाढतो, तेव्हा आधी गिअरबॉक्सचं ऑईल कमी आहे का आणि फिल्टर तुंबलाय का, हे पाहायचं, नंतर पंप. उभ्या गाडीत काहीच नाही, पण वेगाबरोबर घरघर वाढते, तर गिअरबॉक्स खोलण्याआधी टायर आणि चाकांची बेअरिंगं तपासायची. डावीकडे वळताना घरघर वाढली तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार त्या बाजूला जातो. स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी काढताना कटकट आली तर दोष अ‍ॅक्सलच्या सीव्ही जॉइंटचा. आणि एएमटी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडताच दोन-चार सेकंद जी गुणगुण ऐकू येते, तो बिघाड नव्हेच. गिअर टाकणारा हायड्रॉलिक पंप दाब भरून घेत असतो. त्या आवाजाने घाबरलेल्या मालकाला खर्चात पाडणं फार सोपं असतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

इथवर कान पुरतो. पुढे माहिती लागते आणि तिथेच मिस्त्रीचे हात बांधले जातात.

आमच्या गाडीला साठ-सत्तरच्या वेगात, पाय हलका ठेवला की थरथर यायची, खडबडीत पट्ट्यांवरून चाललोय अशी. एका अधिकृत केंद्राने टॉर्क कन्व्हर्टर बदलायला सांगितलं. गावातल्या मिस्त्रींनी ऑईलचा थेंब बोटावर घेतला. लालसर असायला हवं ते तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास येत होता. “आधी ऑईल बदलून पाहू,” ते म्हणाले. पण कोणत्या ग्रेडचं? गाडीसोबतच्या पुस्तकात अधिकृत विक्रेत्याला विचारा एवढंच होतं. पातळी मोजायची पट्टी या गिअरबॉक्सला नाही. ठरावीक तापमानाला खालचं बूच उघडून ती तपासतात, आणि ते तापमानही कुठे छापलेलं नाही. ओळखीपाळखीने माहिती मिळाली, ऑईल बदललं आणि थरथर थांबली. ज्याची अशी ओळख नसेल तो गाडीमालक काय करतो? एक तर हजारो रुपये मोजतो, नाहीतर चुकीचं ऑईल भरून घेतो. सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये साधं ऑटोमॅटिकचं ऑईल (एटीएफ) ओतलं तर चांगला गिअरबॉक्सही वाया जातो.

एएमटीची अडचण निराळी. आतला गिअरबॉक्स साधाच, मिस्त्रीच्या ओळखीचा. क्लचप्लेटही तो बदलू शकतो. पण त्यानंतर कॉम्प्युटरला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते आणि बाजारातला स्वस्त स्कॅनर ते करत नाही. तो नुसता बिघाडाचा कोड दाखवून थांबतो.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच अडवणुकीसाठी. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळाली पाहिजेत, आणि केवळ बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं आदेशात स्पष्ट होतं. कंपन्या अपिलात आणि न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१९ ते २०२१ या काळात आमच्या जालन्याचे तेव्हाचे खासदार रावसाहेब दानवे आपल्याच मंत्रालयात राज्यमंत्री होते, म्हणून इथल्या माणसाची आपल्याकडून जरा जास्त अपेक्षा आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मोटारींच्या दुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा केला. जालना रस्त्यावर शेंद्र्याला २००१ पासून मोटारी तयार होतात. तासाभराच्या अंतरावर गाडी बनते आणि तिच्या दुरुस्तीची माहिती इथल्या मिस्त्रीला मिळत नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

पोर्टलवर ग्राहक सेवेचा नंबर देऊन हे काम होत नाही. प्रत्येक मॉडेलच्या गिअरबॉक्ससाठी ऑईलची ग्रेड, पातळी तपासण्याची रीत, कोडचा अर्थ आणि क्लच बदलल्यानंतरची प्रक्रिया मराठीत जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक करा. स्कॅनरचं सॉफ्टवेअर छोट्या गॅरेजला परवडेल अशा दराने, हवं तर दिवसाच्या भाड्याने मिळू द्या. वॉरंटीबाबतचा आयोगाचा नियम प्रत्येक जॉब कार्डवर छापायला लावा.

आणखी एक मागणी, ती सर्वांत आधी करता येईल. गावाकडच्या रस्त्यावर किंवा शेतरस्त्यावर गाडी बंद पडली की आमच्याकडे ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतात. इंजिन बंद असताना टॉर्क कन्व्हर्टरच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये ऑईलचा पंप फिरत नाही. इंजिनच्या जोरावर फिरणारी चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढलं तर आतले भाग कोरडे घासले जातात. ही सूचना पुस्तकाच्या आतल्या पानात न ठेवता ड्रायव्हरच्या दाराच्या आत, मराठीत, मोठ्या अक्षरांत चिकटवायला सांगा. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही.

आपला,
जालन्यातील एक गाडीमालक